"कळलं नाही" हे जपानीत कसं सांगायचं? एका चुकलेल्या कॉलची गोष्ट आणि पंधरा शब्द

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात आपण जपानी भाषेच्या एका वेगळ्याच कप्प्यात हात घालणार आहोत. एखादी गोष्ट समजत नाही, अवघड जाते, डोक्यावरून जाते, तेव्हा जपानी माणूस काय म्हणतो? ऐकता ऐकता शब्द लिहून घ्यायची धडपड करू नका. नेहमीसारखा सगळा मजकूर इथे लिहून ठेवलाय.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? "कळलं नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मलाही तसंच वाटायचं. पण हे एवढंसं वाक्य मला वेळेवर नीट म्हणता आलं नाही आणि आमच्या टीमच्या हातातलं काम जवळजवळ गेलंच होतं. तिथूनच सुरुवात करते.

तो कॉल

मी तेव्हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागले होते. काम होतं ब्रिजचं. म्हणजे पलीकडे टोकियोतला क्लायंट जपानीत बोलणार, अलीकडे आमचे डेव्हलपर, आणि मधे मी पूल. एन-थ्री पास झाल्याची हवा डोक्यात होती.

तिसऱ्याच आठवड्यात कॉल लागला. विषय होता बिलांच्या तारखांचा. जपानी कंपन्यांमध्ये "शिमेबि" नावाची भानगड असते. हिशेब बंद करायची तारीख. उदाहरणार्थ, महिनाअखेरीला हिशेब बंद आणि पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला. या क्लायंटकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची शिमेबि वेगळी होती आणि त्या दिवशी सुट्टी आली तर तारीख पुढे न्यायची की मागे आणायची, याचेही वेगळे नियम होते. पलीकडचे गृहस्थ दहा मिनिटं बोलले. मला साधारण अर्धं कळलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "इकागा देश्यो का?" म्हणजे कसं काय वाटतं?

मी मनात मराठी वाक्य जुळवलं, "जरा अवघड आहे हो." आणि त्याचं जसंच्या तसं जपानी करून म्हणाले, "चोत्तो मुझुकाशी देसु ने."

पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "सो देसु का... वाकारिमाशिता." असं का, समजलं. कॉल संपला. मी खूश. वाटलं, आता ते सावकाश समजावून सांगतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला. बिलांच्या तारखांचा भाग आपल्याकडच्या कामातून काढून टाकला आहे, त्याची आम्ही दुसरी व्यवस्था बघतो.

टीम लीड माझ्या टेबलापाशी येऊन उभा. "अगं, तू त्यांना नाही म्हणालीस?"

"मी कुठे नाही म्हटलं? मी फक्त अवघड आहे म्हटलं."

मंडळी, तेच तर झालं होतं.

मुझुकाशी: अवघड की नकार?

मुझुकाशी म्हणजे अवघड. पहिल्या महिन्यातच शिकवतात. कांजी मुझुकाशी, परीक्षा मुझुकाशी, सगळंच मुझुकाशी. वर्गात हे ठीक आहे.

पण समोरच्याने काही विनंती केली, प्रस्ताव मांडला, आणि तुम्ही उत्तरात "चोत्तो मुझुकाशी देसु ने" म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो, "हे जमणार नाही." जपानी माणूस तोंडावर "नाही" म्हणायचं टाळतो. मग तो "चोत्तो", म्हणजे "जरा", लावतो, मुझुकाशी म्हणतो, शेवटी "ने" जोडतो आणि वाक्य हवेत सोडून देतो. ऐकणाराही समंजसपणे विषय बंद करतो.

आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाहीये. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे "बघू, कळवतो" म्हणाले की आपल्याला काय ते कळतं. पण ऑफिसच्या कामात "अवघड आहे" याचा अर्थ आपण "अवघड आहे, पण करू" असा घेतो. मी मराठी अर्थाने बोलले, त्यांनी जपानी अर्थाने ऐकलं. चूक कोणाची? माझी. पूल मी होते.

संध्याकाळी मी आमच्या सेन्सेईंना फोन लावला. पुण्यात जपानी शिकलेल्यांना माहीत असेल, परीक्षा पास झाली तरी सेन्सेई सुटत नाहीत. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, तुला मुझुकाशी नक्की कुठे वाटलं? त्यांच्या नियमात गुंता होता? त्यांचं सांगणं नीट नव्हतं? का तुझे कान कमी पडले?"

मी म्हटलं, "सगळंच."

"सगळंच असं काही नसतं गं. जपानीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. आधी कुठे अडलं ते शोध. शब्द आपोआप सापडेल."

आजचा अख्खा भाग त्यांच्या या प्रश्नावर उभा आहे. अडलंय कुठे?

वाकारु: समजणं म्हणजे सुरी चालवणं

न समजण्याआधी समजण्याचा शब्द बघू. वाकारु. समजणे, कळणे. याचंच जवळचं भावंड आहे "वाकेरु", म्हणजे वाटणे, वेगळं करणे. दुसरं भावंड "वाकारेरु", म्हणजे एकमेकांपासून दूर होणे, निरोप घेणे. तिन्ही एकाच कुळातले. म्हणजे जपानीत समजणं हे मुळात वेगळं करणं आहे. काय कशात मिसळलंय ते सोडवलं की समजलं.

वाकारु ज्या कांजीने लिहितात, ती वरून बघा. वरती दोन बाजूंना फाकलेल्या दोन रेघा, खाली सुरी. सुरीने दोन तुकडे. "रिकाइ" म्हणजे आकलन, यातल्या "काइ"ची कांजी तर आणखी भारी आहे. तिच्यात शिंग आहे, सुरी आहे आणि गाय आहे. सुरीने प्राण्याचे भाग सुटे करणे. शाकाहारी श्रोत्यांची क्षमा मागते, पण एकदा हे चित्र डोक्यात बसलं की ही कांजी विसरता येत नाही.

आणि मराठीत आपण काय म्हणतो? "जरा फोड करून सांग ना." फोड! आंब्याची फोड करतो तशी विषयाची फोड. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषांना समजावण्यासाठी कापाकापीच सुचली.

तर मग न समजणं म्हणजे काय? सुरी चालत नाहीये. का चालत नाहीये, यावर पुढचे शब्द ठरतात.

दोष वस्तूत, त्रास मला: निकुइ, झुराइ, गाताइ

क्रियापदाच्या मागे लावायचे तीन शेपटांचे शब्द आहेत. तिन्हींचा अर्थ "करायला अवघड", पण रंग वेगळे.

पहिला, निकुइ. वाकारिनिकुइ म्हणजे समजायला अवघड. इथे बोट वस्तूकडे असतं. नकाशाच असा काढलाय, फॉर्मच असा छापलाय, की कोणालाही कळणार नाही. "कोनो चिझु वा वाकारिनिकुइ", हा नकाशा कळायला अवघड आहे. निकुइ नेहमी तक्रारच असते असं नाही हं. "वारेनिकुइ गारासु" म्हणजे सहज न फुटणारी काच. ती तर चांगलीच. म्हणजे निकुइ वस्तूचा स्वभाव सांगतो.

दुसरा, झुराइ. हा आलाय "त्सुराइ" या शब्दावरून. त्सुराइ म्हणजे वेदनादायक, सोसायला कठीण. ॲनिमे बघणाऱ्यांनी हा शब्द रडक्या प्रसंगांत शंभर वेळा ऐकला असेल. वाकारिझुराइ म्हणजेही समजायला अवघड, पण इथे करणाऱ्याला होणारा त्रास पुढे येतो. फरक बुटांवर बघा. बूटच बेढब असतील तर "आरुकिनिकुइ", चालायला गैरसोयीचे. पायाला फोड आलाय म्हणून चालवत नसेल तर "आरुकिझुराइ". रोजच्या बोलण्यात जपानी लोकही हे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे परीक्षेसारखी भीती बाळगू नका. पण मूळ कल कळला की कुठला कधी जास्त शोभतो ते जाणवायला लागतं.

गंमत म्हणजे आपल्या "क्लिष्ट" शब्दाच्या पोटातही वेदनाच आहे. क्लिष्ट आणि क्लेश एकाच धातूपासून आलेत. क्लिष्ट भाषा म्हणजे वाचणाऱ्याला क्लेश देणारी भाषा. म्हणजे आपला झुराइच की!

तिसरा, गाताइ. हा लिखित, भारदस्त. "रिकाइ शिगाताइ", समजून घेणं जवळजवळ अशक्य. हा डोक्याच्या ताकदीबद्दल कमी आणि मनाच्या तयारीबद्दल जास्त बोलतो. कोणी काही क्रूर वागलं तर बातमीत येईल, रिकाइ शिगाताइ. म्हणजे गणित कळत नाही म्हणून नाही, तर माणूस असं कसं वागू शकतो हे मन मानत नाही म्हणून. त्यामुळे गणिताच्या सरांना रिकाइ शिगाताइ म्हणू नका, घाबरतील.

आणि या गाताइचा एक नातेवाईक तुमच्या तोंडी आधीच आहे. "आरिगातो"! तो आलाय "आरिगाताइ"वरून. आरु म्हणजे असणे. त्याला गाताइ लावलं की असणं अवघड, म्हणजे दुर्मिळ. तुम्ही जे केलंत ते सहज घडणारं नाही, म्हणून आभार. अवघडपणाच्या शब्दातून जपानीतला सगळ्यात गोड शब्द निघालाय.

अवघड, पण का? पाच कारणं

आता वस्तूतच दोष आहे असं धरून चालू. पण कुठला दोष?

एक, फुकुझात्सु. गुंतागुंतीचं. भाग पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. टोकियोच्या रेल्वेचा नकाशा फुकुझात्सु आहे. हा निर्मळ, थोडा औपचारिक शब्द, ऑफिसात बिनधास्त वापरा. भावनांनाही लागतो. मैत्रिणीला बढती मिळाली, तुम्हाला नाही मिळाली. आनंदही आहे आणि आत काहीतरी टोचतंयही. "फुकुझात्सु ना किमोचि."

दोन, यायाकोशी. हाही गुंताच, पण कंटाळा घेऊन येणारा. मराठीत किचकट. नियमाला अपवाद, अपवादाला उपनियम, खाली बारीक अक्षरात अट. मोबाइल प्लॅनची तुलना करत बसलात की जो सुस्कारा निघतो, तो यायाकोशी. "यायाको" म्हणजे तान्हं बाळ, आणि बाळाच्या किरकिरीवरून हा शब्द आला अशी एक व्युत्पत्ती सांगतात. किचकट काम किरकिऱ्या बाळासारखंच असतं, एकीकडे शांत करावं तर दुसरीकडे सुरू.

तीन, मागिरावाशी. एकमेकांसारखं दिसल्यामुळे गोंधळात टाकणारं. काताकाना शिकलेले सगळे यातून गेलेत. "शि" आणि "त्सु" ही दोन अक्षरं बघा, किंवा "सो" आणि "न". रेघा तेवढ्याच, फक्त कल वेगळा. लहानपणी आपण घ आणि ध मध्ये जसे अडकायचो तसं. इथे गोष्ट अवघड नसते, तिची जुळी बहीण शेजारी उभी असते एवढंच.

चार, आइमाइ. संदिग्ध, धूसर. शब्द सोपे असतात, पण अर्थ दोन निघतात, किंवा एकही पक्का निघत नाही. या शब्दाला जपानी साहित्यात मोठं स्थान आहे. १९६८ साली यासुनारी कावाबातांना साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांच्या भाषणाच्या शीर्षकात जपानसाठी विशेषण होतं "उत्सुकुशी", म्हणजे सुंदर. १९९४ साली केन्झाबुरो ओएंना नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी मुद्दाम त्याच साच्यात आपलं शीर्षक बांधलं आणि "सुंदर"च्या जागी शब्द ठेवला "आइमाइ". एका विशेषणाच्या बदलात त्यांनी आधीच्या पिढीशी केवढा वाद घातला बघा. आणि माझं ते "चोत्तो मुझुकाशी देसु ने"? आइमाइचा उत्तम नमुना.

पाच, नानकाइ. "नान" म्हणजे कठीण आणि "काइ" म्हणजे मघाचीच ती शिंग-सुरी-गायवाली कांजी. उकलायला कठीण, दुर्बोध. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ, जुन्या कविता, कायद्याची कलमं. यात थोडा आदर आहे. नानकाइ गोष्टीपुढे माणूस वैतागत नाही, टेकतो.

आता माझ्याकडे बघू: डोक्यात नक्की काय झालं?

पुढचे शब्द वस्तूबद्दल नाहीत, ऐकणाऱ्याच्या आत काय चाललंय त्याबद्दल आहेत.

चिंपुनकांपुन. आवाजच सगळं सांगतो. एकही शब्द पकडता आला नाही, नुसता गोंगाट. मराठीत "सगळं डोक्यावरून गेलं." मित्रांमध्ये मस्त चालतो, क्लायंटसमोर नको.

पिन तो कोनाइ. शब्दार्थ कळला, पण डोक्यात दिवा लागला नाही. कोणी म्हणालं, "समजा दहा लाख कोटींची तूट आहे." आकडा ऐकला, पण त्याचं वजन जाणवलं का? नाही. मग पिन तो कोनाइ.

फु नि ओचिनाइ. हा माझा सगळ्यात आवडता. "फु" म्हणजे पोटातली आतडी-कोठे, आणि ओचिनाइ म्हणजे खाली पडत नाही. समोरच्याचं म्हणणं ऐकलं, तर्कही कळला, तरी पोटात उतरत नाही. आपण म्हणतो ना, "गळी उतरत नाही", "पचनी पडत नाही". जपानीत घास गळ्याच्याही खाली, थेट कोठ्यात पोचावा लागतो. हा न समजण्याचा नाही, न पटण्याचा शब्द आहे. मॅनेजरने तुमचा ॲप्रेझल का कमी झाला ते समजावलं, तुम्ही मान हलवलीत, पण घरी येताना मनात घोळतंय. फु नि ओचिनाइ.

आणि त्या घोळण्यालाही शब्द आहे, मोयामोया. "मोया" म्हणजे धुकं. काय खटकतंय तेही सांगता येत नाही, नुसतं धुकं दाटलंय.

एक धोक्याची पाटीही लावते. ॲनिमेत पात्रं सारखी ओरडतात, "इमि वाकान्नाइ!" अर्थच कळत नाही. पण हे माणसाच्या तोंडावर म्हटलं की त्याचा भाव होतो, "काय वाट्टेल ते बडबडतोयस!" तसंच "इमि फुमेइ", म्हणजे अर्थ अस्पष्ट. एखाद्या विचित्र एरर मेसेजला म्हणा. शिक्षकांच्या समजावण्याला नका म्हणू.

न कळणं जेव्हा जिवावर बेततं

इथपर्यंत ऐकून वाटेल, ही सगळी शब्दांची हौस आहे. नाही मंडळी. जपानने हा प्रश्न फार कठीण वेळी शिकलाय.

१७ जानेवारी १९९५. पहाटे कोबे आणि आसपासच्या भागात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्या भागात परदेशी लोकही बरेच राहत होते. भूकंपानंतर रेडिओ, टीव्ही, भिंतीवरच्या सूचना, सगळ्यांतून माहिती येत होती. पाणी कुठे मिळेल, आसरा कुठे आहे, काय टाळायचं. पण ती होती अवघड जपानीत. ज्यांना जपानी कमी येत होतं, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. प्रत्येकाच्या भाषेत तासाभरात भाषांतर करणं कोणालाच शक्य नव्हतं.

तेव्हा हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषा-अभ्यासकांनी आणि त्यांच्यासोबत इतरांनी वेगळा प्रश्न विचारला. भाषांतर जमत नसेल, तर जपानीच सोपी का करू नये? त्यातून आली "यासाशी निहोंगो", सोपी जपानी. यासाशी या शब्दाचे दोन अर्थ आहेत, कांजीही दोन. एक सोपं, दुसरा प्रेमळ. दोन्ही इथे लागू पडतात.

ती काम कशी करते बघा. भूकंपाच्या बातमीत "योशिन" हा शब्द येतो, नंतर येणारे धक्के. परदेशी माणसाला तो माहीत नसतो. मग म्हणायचं "आतो कारा कुरु जिशिन", मागून येणारा भूकंप. "दान्सुइ", म्हणजे पाणीपुरवठा बंद, याऐवजी "मिझु गा देनाइ", पाणी येत नाही. "ताकादाइ नि हिनान", म्हणजे उंच भूभागी स्थलांतर, याऐवजी "ताकाइ तोकोरो नि निगेते", उंच जागी पळा. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि शाळेत पहिल्यांदा शिकतो तेवढेच शब्द.

२०२० साली जपानच्या इमिग्रेशन आणि सांस्कृतिक खात्यांनी मिळून यासाशी निहोंगो कशी लिहावी याची मार्गदर्शिकाच काढली. आणि १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचकेच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत, कांजीशिवाय, लहान पोरालाही वाचता येईल असं झळकलं, "त्सुनामि! निगेते!" पळा.

इथे काय झालं ते लक्षात घ्या. आधी लोक म्हणत होते, परदेशी माणसाला जपानी मुझुकाशी वाटते. म्हणजे अडचण त्याच्यात. यासाशी निहोंगोने म्हटलं, नाही, आमची सूचना वाकारिनिकुइ आहे. अडचण आमच्या वाक्यात. दोष कुठे आहे ते नीट ठरलं म्हणून उपाय सापडला.

आपल्याकडच्या बँकेच्या फॉर्मवरचं "विहित नमुन्यात सादर करणे" किंवा "उपरोक्त अर्जदार" आठवा. आजी तो फॉर्म हातात घेऊन म्हणते, "मला मेलीला काही कळत नाही." तिला कोणीतरी सांगायला हवं, आजी, तू नाही गं, हा फॉर्मच वाकारिनिकुइ आहे.

मेलचं काय झालं?

परत माझ्या गोष्टीकडे. त्या रात्री मी क्लायंटला मेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात लिहिलं, शिमेबिचं तुमचं स्पष्टीकरण वाकारिनिकुइ होतं, कृपया पुन्हा सांगा. सेन्सेईंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन. "अगं बाई, तू त्यांना तोंडावर सांगतेयस की तुम्हाला नीट सांगता येत नाही. खरं असलं तरी असं म्हणतात का? तुझ्याकडे घे ते."

मग त्यांनी एक वाक्य दिलं. "रिकाइ गा ओइत्सुकानाकुते, सुमिमासेन." माझं आकलन तुमच्या बोलण्याला गाठू शकलं नाही, क्षमस्व. बघा, समज धावतेय, पण मागे पडतेय. मुझुकाशीसारखं दार लावलेलं नाही. थोडं थांबलात तर मी पोचेन, असं त्यात आहे.

त्यापुढे मी नेमकं लिहिलं. मुझुकाशी म्हणताना मला नकार द्यायचा नव्हता. गिऱ्हाईकनिहाय वेगळी तारीख, इथपर्यंत कळलं. शिमेबिला सुट्टी आली तर तारीख कुठे सरकते, तिथे मी अडले. एक उदाहरण देऊन पुन्हा सांगाल का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत एक तक्ता, तीन गिऱ्हाइकं, तीन तारखा, सगळं स्वच्छ. आणि पहिलंच वाक्य होतं, "वाताशि नो सेत्सुमेइ गा वाकारिनिकुकुते, सुमिमासेन." माझं सांगणंच समजायला अवघड होतं, माफ करा.

मी दोनदा वाचलं. जो शब्द मी त्यांच्यावर टाकणार होते, तो त्यांनी स्वतःहून स्वतःकडे घेतला होता. मी म्हटलं माझी समज कमी पडली. ते म्हणाले माझं सांगणं कमी पडलं. दोघांनी आपापल्या बाजूने एकेक पाऊल उचललं आणि पूल जुळला. काम परत आमच्याकडे आलं. मधे आठ दिवस गेले आणि दोन शनिवार ऑफिसात काढावे लागले, तो भाग वेगळा.

खिशात ठेवायची तीन वाक्यं

जाता जाता तीन वाक्यं देते. ऑफिसात, वर्गात, कुठेही चालतील.

एक, "कोको माडे वा वाकारिमाशिता." इथपर्यंत कळलं. नेहमी यापासून सुरू करा. समोरच्याला कळतं की सगळं पाण्यात गेलेलं नाही.

दुसरं, "कोनो तोकोरो गा योकु वाकारिमासेन." हा भाग नीट कळला नाही. बोट ठेवून दाखवा.

तिसरं, "रेइ ओ ओशिएते इतादाकेमासु का?" एखादं उदाहरण सांगाल का?

आणि बोटच ठेवता येत नसेल तर? त्यालाही जपानीत वाक्य आहे, आणि ते विद्यार्थ्यांचं फार लाडकं आहे. "नानि गा वाकारानाइ नो का, वाकारानाइ." काय कळत नाहीये, तेच कळत नाहीये. हसू नका, हेही सांगायला धीर लागतो. आमच्या सेन्सेई वर्गात हे वाक्य ऐकलं की रागवायच्या नाहीत. खडू उचलायच्या, फळा पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला, मग पहिल्यापासून फोड करू."

या आठवड्याचा गृहपाठ. तुम्हाला न कळलेली एक गोष्ट घ्या, इन्कम टॅक्स, क्रिकेटमधला डकवर्थ-लुईस, घरातलं राजकारण, काहीही. आणि ठरवा, ती फुकुझात्सु आहे, यायाकोशी आहे, आइमाइ आहे, की सगळं कळूनही फु नि ओचिनाइ आहे. एका वाक्यात लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातली निवडक वाचू.

आणि आजचा भाग वाकारिनिकुइ वाटला असेल, तर दोष माझा. सुमिमासेन. भेटू पुढच्या भागात.